बिडाचं भांडं घेतलंय? तेल कमी लावा आणि साबणाला घाबरू नका

बिडाचं भांडं पहिल्यांदा घरात आलं की लोक दोन टोकं गाठतात. एकतर ते बाकीच्या भांड्यांबरोबर सिंकमध्ये पडतं आणि सकाळी त्यावर तांबूस गंज दिसला की धाबं दणाणतं, नाहीतर इकडून तिकडून ऐकलेल्या नियमांची इतकी धास्ती बसते की भांडं कपाटातच राहतं. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारच्या लोकांची भांडी जास्त बिघडतात. साबण चालत नाही म्हणून खरकटं नीट निघत नाही, त्यावर तेल थापायचं, ते चिकट झालं की आणखी तेल. बिडाला एवढे लाड लागत नाहीत. अंगावर पाणी राहू द्यायचं नाही, तेल लावायचं तर डोळ्याला दिसणार नाही इतकं पातळ लावायचं आणि भांडं वापरत राहायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याचेच तपशील आहेत.

आधी तो काळा थर काय असतो ते बघू

बीड म्हणजे लोखंडच, फक्त त्यात कार्बन जास्त, साधारण २ ते ४ टक्के. त्यामुळे ते वितळवून साच्यात ओतायला सोपं जातं पण थंड झाल्यावर ठिसूळ असतं, म्हणजे आपटलं तर वाकत नाही, सरळ तडकतं. ओतकाम वाळूच्या साच्यात होतं (इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतायचं पेटंट १७०७ मध्ये घेतलं होतं, मूळ पद्धत अजून तीच आहे) म्हणून नवीन भांडं हाताला खरखरीत लागतं. पूर्वीची बरीच भांडी ओतून झाल्यावर आतून घासून गुळगुळीत केलेली असायची, आता बरेच कारखाने ती पायरी गाळतात. खरखरीत आहे म्हणजे माल हलका असं काही नाही, वापरून वापरून ते सपाट होत जातं.

ह्या लोखंडावर जो काळा तुकतुकीत थर असतो त्याला सीझनिंग म्हणतात आणि ते तेल नसतं, निदान ओलं तेल तरी नसतं. तेलाचा पातळ थर चांगला तापला की त्यातली असंतृप्त फॅटी ॲसिड्स हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकांना जोडली जातात आणि त्याचा कडक पॉलिमर बनून लोखंडाला धरून बसतो. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. थर जाड असेल तर वरचा भाग घट्ट होतो आणि आतला कच्चा राहतो, म्हणून चिकटपणा. थर कडक पॉलिमरचा आहे म्हणून साध्या लिक्विड साबणाने तो निघत नाही. आणि थर लोखंडावर नुसता बसलेला आहे, लोखंडात मुरलेला नाही, म्हणून आंबट पदार्थाने किंवा तीव्र अल्कलीने तो उठू शकतो.

पहिल्या दिवशी काय करायचं

लेबल वाचा. प्री-सीझन्ड लिहिलं असेल तर कारखान्यात थर दिलेला आहे, कोमट पाण्याने आणि थोड्या साबणाने धुवा, पुसा, गॅसवर कोरडं करा आणि वापरायला लागा. कारखान्यातला थर तसा पातळच असतो, त्यावर घरी एक-दोन थर दिले तर फायदा होतो पण दिलेच पाहिजेत असं नाही.

भांडं काळं नसून राखाडी दिसत असेल तर ते कच्चं आहे आणि गंज चढू नये म्हणून त्यावर मेणाचा किंवा तेलाचा लेप दिलेला असतो. तो काढावाच लागतो. कडक पाणी, भरपूर साबण आणि घासणी घेऊन आतून, बाहेरून, मुठीखालून, कडेच्या आतल्या बाजूने, सगळीकडून घासा, मेणचटपणा हाताला लागेनासा झाला पाहिजे. ह्यानंतर लोखंड उघडं पडलेलं असतं, अशा लोखंडावर काही मिनिटांतसुद्धा तांबूस झाक येते, तेव्हा धुतल्या धुतल्या पुसून लगेच मंद आचेवर ठेवा आणि त्याच दिवशी सीझनिंग उरका. उद्या करू म्हणून ठेवू नका.

सीझनिंग, पायरी पायरीने

तेल कुठलं घ्यायचं ह्यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी म्हणेन रिफाइंड सूर्यफूल, सोयाबीन, कनोला यातलं जे घरात असेल ते घ्या. ह्या तेलांमध्ये असंतृप्त भाग भरपूर असतो आणि रिफाइंड असल्यामुळे ती बऱ्यापैकी तापमान सहन करतात. खोबरेल किंवा तूप यात संतृप्त चरबी जास्त, त्यांचा थर नीट जमत नाही, स्वयंपाकाला खुशाल वापरा पण सीझनिंगला नको. जवसाच्या तेलाचं फार कौतुक ऐकायला मिळेल. त्याचा थर दिसायला सुंदर येतो हे खरं, कडकही होतो, पण ठिसूळ असतो आणि वापरता वापरता त्याचे पोपडे सुटतात. एवढं महाग तेल आणून पोपडे कशाला काढायचे.

आता कृती. भांडं धुऊन पूर्ण कोरडं करा आणि ओव्हनमध्ये किंवा गॅसवर हाताला चांगलं गरम लागेल इतपत तापवा, गरम भांड्यावर तेल पातळ पसरतं. चमचाभर तेलसुद्धा जास्त होतं, अर्ध्या चमच्याने सुरू करा आणि कापडाने किंवा टिश्यूने सगळीकडे चोळा, बाहेरची बाजू आणि मूठ विसरायची नाही. मग दुसरं कोरडं कापड घ्या आणि ते सगळं तेल पुसून काढा. अगदी चुकून लागलं होतं आणि आता काढायचंय अशा बेताने पुसा. पुसून झाल्यावर भांडं ओलसर चमकत असेल तर अजून जास्तच आहे, परत पुसा. मंद, जवळजवळ कोरडं दिसायला लागलं की बरोबर. लोकांना वाटतं आता काहीच उरलं नाही, पण लोखंडाच्या खरखरीत पृष्ठभागावर जेवढं लागतं तेवढं राहिलेलं असतं.

ओव्हन साधारण २३० अंश सेल्सियसवर ठेवून भांडं त्यात उपडं ठेवा, म्हणजे चुकून राहिलेलं तेल मध्ये डबकं करून बसत नाही, खालच्या जाळीवर फॉइल अंथरली तर ओव्हनही घाण होत नाही. एक तास. धूर थोडा होतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि एक्झॉस्ट चालू करा. तासाने ओव्हन बंद करून भांडं आतच गार होऊ द्या. हे सगळं तीन-चार वेळा केलं की कच्च्या भांड्याला चांगला पाया मिळतो. पहिल्या थरानंतर रंग तपकिरी, कुठे गडद कुठे फिका असा दिसेल, त्याचं टेन्शन घ्यायचं नाही, काळा रंग वापरातून येतो.

ओव्हन नसेल तर गॅसवरही जमतं, फक्त थोडं लक्ष द्यावं लागतं. तेल तसंच लावून पुसायचं, मध्यम आचेवर भांडं ठेवायचं आणि दर दोन-तीन मिनिटांनी सरकवत राहायचं म्हणजे कडाही तापतील. धूर सुरू होतो, हळूहळू कमी होतो, धूर थांबल्यावर आणखी थोडा वेळ ठेवून बंद करा. कडेच्या भिंतींना ओव्हनइतका एकसारखा थर येत नाही पण तळाला, जिथे खरं काम असतं, तिथे छान बसतो.

तापवणं, जिथे बहुतेकांचं चुकतं

बिडाबद्दल एक गैरसमज असा की ते उष्णता एकसारखी पसरवतं. उलट आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत बिडाची उष्णता वाहून नेण्याची ताकद साधारण चौथा-पाचवा हिस्सा आणि तांब्याच्या तुलनेत तर सातवा-आठवा. म्हणजे ज्वाळा जिथे लागते तिथे आधी तापतं आणि कडा गार राहतात. मग लोक बिडाचं एवढं नाव का घेतात, तर ते जड असतं, २६ सेंटीमीटरचा पॅन सव्वादोन-अडीच किलोचा भरतो, आणि एवढं लोखंड एकदा तापलं की थंड पदार्थ टाकला तरी एकदम गार पडत नाही.

म्हणून घाई करायची नाही. मंद ते मध्यम आचेवर पाच ते दहा मिनिटं नुसतं तापू द्या, बर्नर लहान आणि पॅन मोठा असेल तर मधून मधून फिरवा. पाण्याचा थेंब टाकून बघा, नुसता पसरून हळूहळू उकळत असेल तर अजून वेळ आहे, लगेच चुरचुरून उडून गेला की बहुतेक कामांना तापमान ठीक, आणि थेंब गोळी होऊन इकडे तिकडे पळायला लागला तर पॅन खूप तापलाय, मांस भाजायला चालेल पण अंड्याला अजिबात नको. मोठ्या आचेवर झटपट तापवलं तर मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं, आणि अगदी गार भांडं एकदम भडक आचेवर ठेवलं तर तडकायचाही धोका असतो.

इंडक्शनवर बीड छान चालतं, लोखंडच ते, पण बूस्ट बटण दाबू नका. इंडक्शनची कॉइल मधल्या भागाला इतक्या वेगाने तापवते की कडा गार असतानाच तळ फुगून वाकडा होऊ शकतो, आणि वाकडा झालेला तळ परत सरळ होत नाही. काचेच्या शेगडीवर पॅन ओढायचाही नाही, उचलून ठेवायचा, चरे पडतात.

अंडं चिकटतं ही सगळ्यात मोठी तक्रार. बहुतेक वेळा दोष सीझनिंगचा नसतो, आचेचा असतो. पॅन सावकाश तापवा, आच कमी करा, तेल किंवा लोणी जरा सढळ हाताने टाका, ते सगळीकडे फिरलं की अंडं फोडा आणि मग त्याला हात लावू नका. कडा पांढऱ्या होऊन उचलल्या गेल्या की उलथनं खाली घाला, सरळ सरकतं. मांसाचं आणि माशाचंही तेच, खालची बाजू नीट खरपूस झाली की तुकडा स्वतःच सुटतो, सुटत नसेल तर अजून वेळ आलेली नाही, ओढाओढ केली तर निम्मा तुकडा पॅनला राहणार.

धातूचं उलथनं चालतं, हे नवीन लोकांना पटतच नाही. चालतं. नॉनस्टिकसारखं इथे चरा पडला म्हणून भांडं वाया जात नाही, फक्त टोकदार कोपऱ्याने खरवडू नका. सपाट कडेचं उलथनं तर उलट उंचवटे झिजवून पृष्ठभाग सपाट करायला मदतच करतं.

आंबटाचं मात्र जपून. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर, वाईन ह्यातलं काहीही नव्या पॅनमध्ये तासभर रटरटत ठेवलं तर थर सुटतो, पदार्थाला लोखंडाची चव येते आणि रंगही काळपट होतो. जुन्या मुरलेल्या पॅनमध्ये शेवटी लिंबू पिळलं किंवा टोमॅटो पाच-दहा मिनिटं परतला तर काही होत नाही. आणि शिजलेलं लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, बिडात रात्रभर काहीच ठेवायचं नाही, आंबट असो वा नसो.

मूठ ह्या सगळ्यात विसरली जाते. ती त्याच लोखंडाची एकसंध ओतलेली असते, ओव्हनमधून काढलेल्या पॅनची मूठ २०० अंशांवर असते आणि दिसायला थंड पॅनसारखीच असते. कोरडं जाड फडकं वापरा. ओलं फडकं नको, त्यातलं पाणी क्षणात वाफ होऊन हात भाजतो. ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवलेल्या पॅनच्या मुठीवर ते फडकं तसंच टाकून ठेवायची सवय लावली तर घरातल्या दुसऱ्या कुणी उघड्या हाताने धरायचं टळतं.

धुणं

पॅन अजून कोमट असताना धुवा. कडकडीत तापलेल्या पॅनवर नळाचं गार पाणी सोडायचं नाही, बीड ठिसूळ असल्यामुळे तिथल्या तिथे तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेलं बीड दुरुस्त करून स्वयंपाकाला वापरण्यात अर्थ नसतो.

साबणाचा धाक जुन्या दिवसांतून आलेला आहे. कॉस्टिक सोड्यापासून केलेल्या जुन्या साबणात सोड्याचा अंश उरायचा आणि कॉस्टिक सोडा सीझनिंग खातो. आजचं भांड्यांचं लिक्विड सौम्य डिटर्जंट असतं, दोन थेंब, स्पंज, विसळलं, झालं. नाही धुतलं तर जुनं तेल खवट होऊन वास मारतं आणि तो वास पुढच्या पदार्थात उतरतो. डिशवॉशर मात्र नाही म्हणजे नाही, त्याचा डिटर्जंट तीव्र अल्कलीचा आणि वर तासभर पाण्यात, भांडं राखाडी होऊन गंजूनच बाहेर येईल. भिजत घालणंही नाही.

चिकटून बसलेलं असेल तर पॅनमध्ये थोडं पाणी घालून गॅसवर उकळा आणि लाकडी उलथन्याने खरवडा, बहुतेक सगळं सुटतं. त्यानेही नाही सुटलं तर जाडं मीठ आणि किंचित तेल टाकून कापडाने रगडा, किंवा बिडासाठी स्टीलच्या कड्यांची जाळी मिळते ती वापरा, ती करपलेलं काढते आणि थराला फारसं काही करत नाही. तारेची घासणी रोज नको, थर झिजतो, पण कधीतरी वापरली तर आभाळ कोसळत नाही.

धुतल्यावर लगेच पुसा आणि मंद गॅसवर दोन-तीन मिनिटं ठेवा. पुसलं म्हणजे कोरडं झालं असं समजू नका, खरखरीत पृष्ठभागाच्या खळग्यांत पाणी राहतं, मुठीच्या भोकात तर हमखास राहतं. मग तेलाचे दोन-चार थेंब, चोळा आणि परत पुसून काढा, सीझनिंगला सांगितलं तसंच. रोज वापरात असलेल्या, छान काळ्या झालेल्या पॅनला हे तेलही दर वेळी लागत नाही. ठेवताना एकात एक ठेवत असाल तर मध्ये कागद घाला, आणि झाकण असेल तर घट्ट लावून ठेवू नका, आत दमटपणा अडकतो.

काहीतरी बिघडलं असेल तर

हात लावल्यावर पॅन चिकट, ओशट लागत असेल तर तेल जास्त झालं आणि पूर्ण तापलं नाही. नवीन तेल न लावता ओव्हनमध्ये २३० अंशांवर उपडा घालून तासभर ठेवा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच कडक होतो, नाहीतर चिकट भाग घासून काढा आणि एक पातळ थर द्या.

पुसताना कापडाला काळं लागतं, ते बहुतेक करपलेल्या अन्नाचा कार्बन असतो, गरम पाणी आणि मिठाने नीट घासा. काळ्या टिकल्या पदार्थात यायला लागल्या तर कुठेतरी थर सुटतोय, सुटलेले पोपडे घासून काढा आणि तेवढ्यापुरतं सीझनिंग करा, पोटात गेल्या म्हणून घाबरायचं कारण नाही.

हलका गंज असेल तर तारेच्या घासणीने घासून, धुऊन, गॅसवर कोरडं करून एक-दोन थर द्या. गंज खोल असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भांडं बुडवा, आणि इथे घड्याळ लावा, दर अर्ध्या तासाने काढून घासून बघायचं. गंज सुटला की आम्ल लगेच चांगल्या लोखंडाला लागतं, रात्रभर ठेवलं तर पृष्ठभागावर खड्डे पडतात. बाहेर काढलं की धुवा, पुसा, तापवा आणि लगोलग तेलाचा पहिला थर.

सगळा जुना थर काढून नव्याने सुरुवात करायची असेल तर कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर फवारून भांडं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक-दोन दिवस ठेवतात, मग घासून काढतात. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे करू नका, हवेशीर जागेत करा आणि ॲल्युमिनियमची भांडी जवळ ठेवू नका. भांडं थेट जाळात किंवा निखाऱ्यात टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, बीड वाकतं, तडकतं, आणि पृष्ठभाग लालसर पडतो त्यावर मग सीझनिंग धड धरत नाही.

जुनं भांडं विकत घेताना

जुनी बिडाची भांडी फार चांगली मिळू शकतात, दोन गोष्टी बघून घ्या. सपाट ओट्यावर ठेवून डुगडुगतं का ते बघा, गॅसवर थोडं चालतं पण काचेच्या शेगडीवर नाही. मग मुठीला धरून लाकडी चमच्याने कडेवर टिचकी मारा, स्वच्छ घुमला पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखा तडा असण्याची शक्यता आहे. वरचा गंज दिसला म्हणून सोडू नका, तो निघतो.

कुणी त्यात शिसं वितळवलेलं असू शकतं हे मात्र लक्षात ठेवा. बंदुकीच्या गोळ्या आणि मासेमारीची वजनं घरी ओतणारे लोक ह्यासाठी बिडाचीच भांडी वापरायचे. घासून किंवा तापवून त्याची खात्री देता येत नाही. आत राखाडी चकचकीत डाग दिसले किंवा भांड्याचा आधीचा वापर माहीत नसला तर शिशाची टेस्ट किट लावून बघा, शंका राहिली तर त्यात शिजवू नका.

एनॅमल केलेली रंगीत बिडाची भांडी ह्या सगळ्यातून वगळा. त्यावर काचेचा थर असतो, त्याला सीझनिंग नको, आंबटही खुशाल शिजवा. फक्त रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवायचं नाही, धातूचं उलथनं नाही आणि आपटायचं नाही, टवका उडाला की तो भरून येत नाही.

आणि उघड्या बिडात शिजवल्यावर थोडं लोह अन्नात उतरतंच, ओल्या आणि आंबट पदार्थात जास्त, नव्या भांड्यातून जास्त. बहुतेकांना त्याचं काही नाही, पण घरात कुणाला हिमोक्रोमॅटोसिस असेल, म्हणजे शरीरात लोह साठत राहायचा आजार, तर त्यांचा स्वयंपाक दुसऱ्या भांड्यात करा आणि डॉक्टरांना विचारून घ्या.